गवत आधी ओळख, गवत्या मग सोड

पन्नास गवत्या मासे आणायचे असं तू ठरवलंस आणि गाडीही सांगून ठेवलीस, हे तुझ्या आईकडून कळलं. बाबू, ती गाडी आठ दिवस थांबव. आपली बोडी गवतानं गच्च झाली आहे, हे खरं. जाळं टाकलं की ते गवतावरच पसरून राहतं आणि खाली मासे असूनही हाती लागत नाहीत. गवत्या मासा हा त्यावरचा चांगला उपाय आहे. मी तो वर्षानुवर्षं करत आले. पण त्याच माशानं एका साली माझी बोडी उजाड केली होती, आणि त्यात चूक माशाची नव्हती, माझी होती. म्हणून तुझ्या पणजोबांनी मला सांगितलेलं आणि मी ठेच लागून शिकलेलं, दोन्ही तुझ्या कानात घालते.

पाळीवर बस

माझे सासरे म्हणायचे, पाण्यात उतरण्याआधी पाळीवर बसावं. बोडीत काय वाढलंय ते नीट बघितल्याशिवाय हात घालू नये. तुला सगळं एकच हिरवं दिसत असेल, पण त्यात तीन-चार जाती आहेत.

बांबूनं ओढून बघ. पाण्याखाली लांब दोऱ्यांसारखं, देठाभोवती बारीक पानांची चक्रं असलेलं जे निघेल, ते हायड्रिला. कोल्ह्याच्या शेपटीसारखं झुपकेदार असतं ते सेराटोफिलम. हे दोन्ही गवत्याचं आवडतं खाणं. पाण्यावर टिकल्यांसारखी हिरवी पानं तरंगतात, किंवा अझोला पसरतो, तेही तो आवडीनं खातो, विशेषतः लहान असताना.

आता जे खात नाही ते बघ. जलपर्णीला तो फारसं तोंड लावत नाही. तिचे फुगीर देठ त्याच्या कामाचे नाहीत, फार तर लोंबणारी मुळं कुरतडेल. काठावरची बेशरम आणि पाणकणीस यांचं तो काहीच बिघडवू शकत नाही. आणि जे त्यानं खाऊ नये असं तुला वाटतं, ते तो नक्की खातो. शिंगाड्याचे वेल आणि कमळाचं कोवळं पान त्याला हायड्रिलाइतकंच गोड लागतं. तण कोणतं आणि पीक कोणतं, हे तुला कळतं. त्याला फक्त कोवळं आणि जून कळतं.

आणखी एक लक्षात ठेव. हायड्रिला आपल्याच पाण्यातलं आहे, बाहेरून आलेलं नाही. ते माजतं कारण धानाच्या बांध्यांमधलं खताचं पाणी पावसात वाहून बोडीत येतं. जलपर्णी आणि बेशरम या मात्र दूर अमेरिका खंडातून आलेल्या. जी खरी परकी आहे तिला गवत्या खात नाही आणि जी आपली आहे ती तो संपवतो. एवढं ध्यानात आलं की निम्मं काम झालं.

परकीला हातानंच काढ

जलपर्णी दिसली की त्याच दिवशी काढ. अनुकूल पाण्यात ती पंधरा दिवसांत दुप्पट होऊ शकते. आज दहा रोपं असतील तर टोपल्यात मावतील, दोन महिन्यांनी बैलगाडी लागेल. फूल येण्याआधी काढ, कारण तिचं बी चिखलात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. काढलेलं पाळीवर टाकू नको, पावसाचा लोंढा ते परत आत नेतो. लांब नेऊन उन्हात वाळव आणि मग खताच्या खड्ड्यात घाल.

बेशरम मुळासकट उपट. नुसती कापलीस तर पुन्हा फुटते, आणि कापलेली कांडी ओल्या मातीवर पडली तरी तिथे रुजते. उन्हाळ्यात पाणी आटलं की माती मोकळी असते, हे काम तेव्हाच कर.

गवत मारायचं औषध फवारावं, असं कोणी सांगितलं तर ऐकू नको. सगळं गवत एकदम मेलं की एकदम कुजतं, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. मग गवताबरोबर मासेही जातात. त्या बोडीचं पाणी गुरंही पितात, हे वेगळं सांगायला नको.

हा मासा कोण

गवत्या आपला नाही. त्याचं घर चीनमध्ये, आणि उत्तरेला अमूर नदीपर्यंत. १९५९ साली त्याची पिल्लं हाँगकाँगहून ओडिशात कटकला आणली. प्रेरित प्रजननाचं तंत्र तिथे रोहू-मृगळावर आधीच साधलं होतं, १९६२ मध्ये गवत्याचंही बीज तसंच तयार झालं. तेव्हापासून कटला, रोहू, मृगळ, चंदेरा आणि सायप्रिनस यांच्या जोडीनं तो देशभरच्या तळ्यांत गेला.

त्याच्या ओठात दात नाहीत, घशात आहेत, करवतीसारखे. गवत तिथे कातरलं जातं. पोट वेगळं असं नसतं, आतडंही गवत खाणाऱ्याच्या मानानं आखूड, म्हणून खाल्लेल्यातलं जवळपास निम्मं न पचताच बाहेर पडतं. ते वाया जात नाही. त्याची विष्ठा पाण्यात खतासारखी लागते, सूक्ष्म जीव वाढतात आणि त्यावर कटला व चंदेरा पोसतात. खालचा मृगळही उरलंसुरलं वेचतो. गोठ्यातली गाय आणि परसातले वाफे यांचं जसं नातं, तसंच हे.

कोवळ्या वयात तो दिवसाला स्वतःच्या वजनाइतकं, कधी त्याहून जास्तही गवत खाऊ शकतो. पण ते ऊन-उबदार पाण्यात. पौष-माघात पाणी गार पडलं की त्याची भूक मंदावते. तेव्हा गवत कमी झालं नाही म्हणून आणखी मासे आणू नको. फाल्गुन येऊ दे.

किती, केवढा, कधी

आता तुझ्या पन्नासाचं बोलू. जाणकारांचा हिशेब असा आहे, की अर्ध्या किलोचे तीनशे ते चारशे गवत्ये एका हेक्टरातलं हायड्रिला महिनाभरात साफ करतात. आपली बोडी दहा आर, म्हणजे पाव एकर. त्या हिशेबानं तीस ते चाळीस झाले. पण तो हिशेब सगळं साफ करण्याचा आहे, आणि सगळं साफ आपल्याला करायचंच नाही. म्हणून मी निम्मे सोडते. गवत अर्ध्याहून जास्त बोडीवर असेल तर आधी माणसं लावून निम्मं ओढून काढते आणि मग पंधरा-वीस मासे. गवत थोडं असेल तर आठ-दहा पुरतात. कमी पडले तर पुढच्या महिन्यात वाढवता येतात. जास्त झाले तर वीस मासे पाण्यातून निवडून काढणं किती कठीण ते तुला जाळं धरल्यावर कळेल.

ओढून काढण्याचा कंटाळा करू नको. त्यातच खरा फायदा आहे. माशानं खाल्लेलं गवत खत होऊन पाण्यातच राहतं, तू काढलेलं बोडीबाहेर जातं. ते वाळवून बांधीत टाकलंस तर धानाचं खत धानाकडे परत गेलं.

आकार बघून घे. बोटाएवढी बोटुकली सोडलीस तर ती मरळीच्या आणि पाणकावळ्यांच्या पोटात जाते. शिवाय अगदी लहान पिल्लू गवत खातच नाही, ते पाण्यातले बारीक जीव खातं. वीतभर लांबीचा मासा मिळत असेल तर दोन पैसे जास्त दे. नाही मिळाला तर बोटुकली आणून बोडीच्या कोपऱ्यात बारीक जाळीचं कुंपण कर, अझोला आणि टिकलीचं गवत खाऊ घालून काही महिने वाढव आणि मग मोकळी सोड.

पाऊस ओसरून बोडी भरली आणि पाणी निवळलं की सोडण्याची वेळ. पिशवी उघडून ओतू नको. पिशवी तशीच बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू दे, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं गरम होऊ दे. मग तोंड उघडून बोडीचं पाणी ओंजळ-ओंजळ आत घाल. मासा आपणहून बाहेर पोहत जाईल. हे सकाळी कर किंवा सूर्य कलल्यावर, दुपारी नको.

ती पहाट

आता माझी चूक ऐक. तुझा बाप शाळेत जायचा तेव्हाची गोष्ट. बीज विकणारा म्हणाला, शंभर न्या, स्वस्तात देतो. मी नेले. दोन महिन्यांत बोडीत गवताची काडी उरली नाही. गावातले बघायला यायचे, पाणी किती स्वच्छ झालं म्हणायचे. मलाही अभिमान वाटला. शिंगाडे गेले, त्याचं फारसं वाटून घेतलं नाही.

मग पाणी हिरवं होऊ लागलं. गवत जे खत ओढून घेत होतं ते आता पाण्यातल्या बारीक शेवाळाला मिळालं. पाणी वाटाण्याच्या आमटीसारखं झालं. भादव्यात चार दिवस आभाळ गच्च होतं, ऊन नाही. पाचव्या दिवशी पहाटे सासरे हाक मारत आले. पाळीवर जाऊन बघते तर सगळे मासे वर येऊन तोंडं उघडत होते. शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू देतं आणि रात्री तोच घेतं. ऊन नसलं की द्यायचं कमी आणि घ्यायचं चालूच. म्हणून सूर्य उगवण्याआधीची वेळ सर्वात वाईट. आम्ही विहिरीवरचं इंजिन लावून पाणी उंचावरून बोडीत पाडलं, घरातल्या सगळ्यांनी बादल्यांनी पाणी उडवलं. काही वाचले. बरेच गेले.

तेव्हापासून माझी सवय अशी. ढगाळ दिवसांत पहाटे एकदा बोडीवर चक्कर मारते. मासे वर तोंड काढताना दिसले तर शेण-खत, खाणं सगळं बंद, आणि ताजं पाणी चालू. हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवून तळवा बघते. तळवा दिसेनासा झाला तर पाणी फार दाट झालं असं समजते.

गवत संपल्यावर

गवत संपलं तरी त्याची भूक संपत नाही. उपाशी गवत्या पाळीवरचं पाण्यात लोंबणारं गवतही ओढतो, आणि ते गवतच पाळीची माती धरून ठेवतं. म्हणून बांबूची चौकोनी चौकट पाण्यावर तरंगती बांध आणि तीत चारा टाक. हत्तीगवत, केळीची पानं, भाजीचे देठ, सगळं चालतं. चौकटीमुळे चारा पसरत नाही आणि उरलेला दुसऱ्या दिवशी काढून टाकता येतो. साधारण तीस-चाळीस किलो ओल्या गवतातून एक किलो मासा तयार होतो, त्यावरून चारा किती लागेल ते काढ. फवारणी झालेल्या शेतातलं गवत चुकूनही टाकू नको.

उन्हाळ्यात बोडी आटायच्या आधी मोठे मासे काढून घे. वर्षभरात गवत्या चांगला किलोच्या वर जातो. मोठा झाला की त्याची वजनाच्या मानानं भूक कमी होते, तेव्हा तणाच्या कामाला नवे लहानच बरे. काटे बारीक असतात, पण रस्सा गोड होतो.

कोणी टिलापिया सुचवील. तोही हिरवं खातो, हे खरं. पण तो साचलेल्या पाण्यात सतत वीण घालतो, आणि एकदा बोडीत शिरला की निघत नाही. गवत्याचं तसं नाही. त्याची अंडी लांब वाहत्या नदीत तरंगत फुटतात. बोडीत तो विणत नाही, म्हणून किती ठेवायचे हे आपल्या हातात राहतं.

बोडीबाहेर जाऊ देऊ नको

पण हे बोडीपुरतंच. गवत्या वाहत्या पाण्याच्या उलट पोहतो आणि उडीही मारतो. पाणी यायच्या आणि जायच्या दोन्ही तोंडांना बांबूची दाट ताटी किंवा जाळी लाव, पाण्यापासून हातभर उंच. मोठ्या पावसात ताटीला अडकलेला कचरा रोज काढ, नाहीतर पाणी पाळीवरून जाईल आणि मासेही.

आपली बोडी ओसंडली की पाणी गावच्या तलावात जातं. तो मामा तलाव आहे, मालगुजारीच्या काळापासूनचा. कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव ‘माजी मालगुजारी’ झाला, त्याचंच आखडून मामा. त्याच्या गवतात मरळ अंडी घालते, शिंगी-मांगूर लपतात, देवधान उगवतं, कमळपक्षी पानांवर घरटं करतो. ते गवत म्हणजे कचरा नाही, तलावाचं घर आहे. तिथे कोणी गवत्या सोडायचा विषय काढला तर गप्प बसू नको. आपल्या समाजाची पोटं त्या तलावातल्या देशी माशांवर भरली आहेत. तो निर्णय एकट्याचा नाही, मच्छीमार संस्थेच्या बैठकीत सगळ्यांनी बसून घ्यायचा असतो.

आपल्या बोडीतही एक कोपरा राखून ठेव. पिंपळाच्या बाजूला मी बांबूचं कुंपण घातलेलं आहे, ते मोडकळीला आलं असेल, दुरुस्त कर. त्याच्या आत गवत्या जात नाही. त्या वाईट सालानंतर मी गावच्या तलावातून हायड्रिलाच्या चार जुड्या आणि कमळाचं एक मूळ आणून तिथे लावलं होतं. दुसऱ्या पावसाळ्यात कोपऱ्यात मरळीची पिल्लं दिसली. सासऱ्यांना धरून पाळीवर नेलं, दाखवली. ते काही बोलले नाहीत, बराच वेळ बघत बसले.

तर गाडीवाल्याला फोन कर आणि पंधरा सांग. रविवारी मी येते. बांबू तयार ठेव, आधी पाळीवर बसून गवत ओळखू, आणि ती ताटी बांधून झाल्यावरच मासे आणायला जाऊ.