कोब्यातला बगॅस आणि सिमेंटातले तंतू



या अंकात उसाऐवजी सिमेंटावर लिहीत आहोत याचे नवल वाटेल. पण तसे कारण घडले. आमच्या गटातील एका सभासदाने गोठ्यात कोबा करायचे काढले. कोब्याला तडे जाऊ नयेत म्हणून मालात थोडा बगॅस मिसळू का, असे त्यांनी आम्हाला विचारले. पांढऱ्या मातीच्या भिंतीत गवत, भुसा मळून घालतातच, मग इथे काय बिघडले, असा विचार करून आम्ही "घाला की" म्हणून बसलो. चौथ्या दिवशी जाऊन पाहतो तर कोब्यात अंगठा रुतत होता. पंधरा दिवस जनावरे शेजाऱ्याच्या दावणीला राहिली. गवंड्याला बोल लागला, पण चूक आमची होती.

कारण साखर. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होऊन घट्ट होते. साखर सिमेंटच्या कणांवर लेप धरते आणि ही क्रियाच अडवते. सिमेंटच्या वजनाच्या ०.०५ टक्के साखर गेली तरी माल धरायला काही तास उशीर होतो. ०.२ टक्क्यांपासून पुढे माल धरणेच जवळजवळ थांबते. ५० किलोच्या पोत्याला हा हिशोब लावा: २५ ग्रॅमने उशीर, १०० ग्रॅमने काम बंद. गिरणीतून निघालेल्या ताज्या बगॅसमध्ये निम्मे पाणी आणि शेकडा दोनच्या आसपास साखर असते. म्हणजे पोत्यामागे पाच किलो ओला बगॅस पडला की १०० ग्रॅम साखर गेलीच. आम्ही टोपलीने घातला होता!

जुनी माणसे म्हणतील, वाड्याच्या चुन्यात गूळ आणि बेलफळाचे पाणी घालीत असत, त्या भिंती अजून उभ्या आहेत. खरे आहे. पण चुना हवेतला कर्बवायू घेऊन सावकाश कठीण होतो. त्याचे शास्त्र वेगळे, सिमेंटाचे वेगळे. चुन्याचा नियम सिमेंटाला लावू नये.

बगॅस धुऊन घेतला तर? गरम पाण्यात भिजवून, दोन-तीन वेळा पाणी बदलून साखर बरीच निघते. पण त्यातला मऊ गर पाणी पितो, तो वेगळा करावा लागतो. शिवाय सिमेंटातला क्षार त्या चोथ्यातून आणखी साखरेसारखे पदार्थ सोडवतो. कारखान्यात प्रक्रिया करून, दाबून सिमेंटचे तक्ते करणे हा स्वतंत्र धंदा आहे. घरच्या घमेल्यात तो जमायचा नाही.

काथ्या, केकताडाचा वाक, अंबाडी यांत साखरेची अडचण कमी. हे तंतू बारीक तड्याच्या दोन्ही कडा धरून ठेवतात, म्हणून तडा एकदम उघडत नाही. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काथ्या-सिमेंटचे पन्हाळी पत्रे तयार करण्याची पद्धत बसवली आहे. मात्र टिकाऊपणाचे दुखणे राहतेच. सिमेंटच्या आतले पाणी अतिशय क्षारयुक्त असते. वाकाच्या पेशी ज्या द्रव्याने एकमेकींना चिकटलेल्या असतात ते द्रव्य हा क्षार विरघळवतो, आणि चुना तंतूच्या पोकळीत शिरून बसतो. काही पावसाळ्यांनी वाक काडीसारखा कडकडीत होऊन तुटतो. स्वीडनमध्ये ग्राम या संशोधकाने १९८३ मध्ये केकताडाच्या जातीच्या सिसल तंतूवर हेच दाखवले. सिमेंटचा काही भाग कमी करून सिलिकाची अतिबारीक पूड घातली तर क्षार उतरतो आणि तंतू जास्त टिकतो, असेही त्याला आढळले. मातीत असा क्षार नसतो, म्हणून भिंत कोरडी असेतो आतले गवत शाबूत राहते. आमची फसगत नेमकी इथे झाली.

कृत्रिम तंतूंपैकी पॉलिप्रॉपिलीनला क्षार बाधत नाही आणि तो पाणीही पीत नाही. साधारण १२ मिलिमीटर लांबीचे हे तंतू घनमीटरला सुमारे ९०० ग्रॅम, म्हणजे पोत्यामागे १२५ ग्रॅमच्या आसपास घालतात. ऊन-वाऱ्याने पहिल्या काही तासांत पृष्ठभागाचे पाणी उडून जे जाळीदार तडे पडतात, ते यामुळे आवरतात. जास्त घातले तर गोळे होतात. माल ओढत नाही म्हणून गवंडी मग वरून पाणी ओततो, आणि मजबुती तिथेच जाते. आणि एक गोष्ट ठाम सांगतो: तंतू घातले म्हणून स्लॅबची, तुळईची लोखंडी सळई एकही कमी करू नये.

खताची जुनी पोती याच प्लॅस्टिकची, म्हणून ती कातरून घालण्याची टूम काही ठिकाणी निघाली आहे. त्या सपाट, गुळगुळीत पट्ट्यांना माल धरत नाही. पोते पोटॅशचे असेल तर त्यातले क्लोराइड सळईला गंज आणते.

गोठ्याचा तो कोबा शेवटी खणून काढला. बगॅस या खेपेस कंपोस्टच्या खड्ड्यात गेला. नव्या मालात पोत्याला १२५ ग्रॅम तंतू घातले आणि दहा दिवस वर ओली गोणपाटे अंथरून ठेवली. ती साखरेची नव्हेत ना, एवढे मात्र आम्ही स्वतः तपासले.