कामाचे ओझे आणि कर्मचाऱ्याचे मनःस्वास्थ्य

हुद्दा जितका मोठा तितकी चिंता अधिक, आणि चिंता जितकी अधिक तितकी प्रकृतीची हानी मोठी, असा एक सर्वसाधारण समज आहे. शासकीय सेवकांच्या प्रकृतीचा दीर्घकाळ अभ्यास झाला, तेव्हा मात्र हा समज टिकला नाही.

लंडनमधील पाहणी

ब्रिटिश सरकारची अनेक खाती लंडनच्या व्हाइटहॉल मार्गावर आहेत. त्याच नावाने ओळखली जाणारी पहिली पाहणी १९६७ मध्ये सुरू झाली. सुमारे १८ हजार पुरुष सेवकांच्या या पाहणीत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वोच्च श्रेणीच्या मानाने सर्वांत खालच्या श्रेणीत तिपटीहून अधिक आढळले. धूम्रपान, रक्तदाब इत्यादी कारणे जमेस धरूनही ही तफावत पुरती उलगडली नाही. म्हणून १९८५ मध्ये मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली १०,३०८ स्त्री-पुरुष सेवकांची दुसरी पाहणी हाती घेण्यात आली. तीत कामाच्या स्वरूपाकडे विशेष लक्ष पुरविण्यात आले.

चार कारणे

कामाचा तगादा मोठा, निर्णयाची मुभा थोडी, वरिष्ठ व सहकाऱ्यांचा आधार अपुरा आणि श्रमांच्या मानाने मोबदला व कदर कमी, अशा स्थितीत काम करणाऱ्यांना पुढे मानसिक विकार जडण्याचा संभव अधिक असल्याचे या पाहणीतून दिसून आले. निव्वळ श्रमांपेक्षा, भरपूर काम आणि थोडा अधिकार यांचा संयोग मनावर ताण आणतो, हा विचार अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्येच मांडला होता.

आपल्या कार्यालयांत

लोकांशी रोज गाठ पडणाऱ्या लिपिकाची स्थिती पाहिली म्हणजे याची प्रचीती येते. अर्जदाराचा रोष त्याला सोसावा लागतो. पण नस्तीवरील निर्णय त्याच्या हाती नसतो. नस्ती का अडली हेही त्याला ठाऊक नसेल, तर तो अर्जदारास काय सांगणार? त्यातच शेजारचे पद रिक्त राहिल्यास अतिरिक्त कार्यभार त्याच्याकडेच येतो.

उपाय

महाराष्ट्राच्या २००५ च्या बदल्यांच्या विनियमनाविषयीच्या कायद्याने सर्वसाधारण पदावधी ३ वर्षांचा ठरविला आणि कोणतीही नस्ती एका सेवकाकडे कामाच्या ७ दिवसांहून अधिक काळ पडून राहू नये, असे बंधन घातले. बदलीची अनिश्चितता व साचलेले काम या दोन्ही गोष्टी मनास पोखरतात. म्हणून या तरतुदींचे पालन मनःस्वास्थ्यासही उपकारक होय.

उरलेले पुष्कळसे कार्यालय प्रमुखाच्या हाती असते. कामाची वाटणी लेखी व स्पष्ट असावी, किरकोळ बाबींचे अधिकार खालपर्यंत सोपवावेत, चुकीची कानउघाडणी चारचौघांत करू नये आणि चांगल्या कामाची नोंद वेळीच घ्यावी. यांस फारसा खर्च लागत नाही. खिडकीपलीकडच्या नागरिकाला मिळणारी वागणूक अखेर खिडकीअलीकडच्या माणसाच्या मनःस्थितीवरच अवलंबून असते.