भय आणि संप्रेरके

मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी आकाराने लहान, परंतु त्यांचा अंमल सर्व देहावर चालतो. संकट दिसताच त्यांतून ॲड्रेनलिन रक्तात उतरते. छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो. मागोमाग कॉर्टिसोल वाढते व रक्तात साखर पुरविते. समोर साप असता ही व्यवस्था जीव वाचविते. परीक्षागृहातून पळावयाचे कोठे?

शरीरात कॉर्टिसोलमध्येच रूपांतरित होणारे कॉर्टिझोन निरोगी माणसांना दिले असता, आदल्या दिवशी पाठ केलेले शब्द त्यांना कमी आठवले, असे २००० साली झुरिच येथील संशोधकांनी दाखविले. तेव्हा प्रश्नपत्रिका पाहून गोठलेल्या मुलाने अभ्यासच केलेला नाही, हा शिक्षकाचा निष्कर्ष घाईचा ठरू शकतो. त्याला दरडावल्यास कॉर्टिसोल आणखी वाढण्याचाच संभव. आणि चढलेले कॉर्टिसोल ओसरावयास तासाहून अधिक काळ लागतो.