कांचेच्या पेटींतील प्रवाळ व त्यांची प्रकृति

प्रवाळ म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें आंगठींतील तांबडें पोंवळें उभें राहतें. नवरत्नांत त्याची गणना होते, म्हणून तो खाणींतून निघणारा एखादा खडा असावा, असा पुष्कळांचा समज असतो. युरोपांतील विद्वान् तर त्यास दीर्घकाळ वनस्पति समजत. १८ व्या शतकाच्या पूर्वार्धांत पेसोनेल नामक फ्रेंच वैद्यानें जिवंत प्रवाळ समुद्राच्या पाण्यांत ठेवून त्याचें निरीक्षण केलें आणि त्याचीं 'फुलें' हीं फुलें नसून लहान प्राणी आहेत, असें प्रतिपादन केलें. पॅरिसच्या पंडितांना तें प्रथम पटलें नाहीं. परंतु पुढें तेंच खरें ठरलें.

हे प्राणी आतां युरोप, अमेरिका, जपान इत्यादि देशांत हौशी लोक घरांतील कांचेच्या पेटींतही पाळतात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत सार्वजनिक मत्स्यालय १८५३ सालींच उघडलें होतें. परंतु उष्ण समुद्रांतील प्रवाळ घरीं जगविण्याची विद्या त्यानंतर पुष्कळ काळानें साधली. जाकार्ता येथील ली चिन एंग यांनीं सजीवांनीं भरलेले समुद्रांतील खडक, स्वच्छ समुद्रजल, भरपूर उजेड आणि हवेचे बुडबुडे एवढ्या साधनांवर प्रवाळ जगविले व आपली रीत १९६१ सालीं प्रसिद्ध केली. तेव्हांपासून साधनें पुष्कळ सुधारलीं. तथापि पेटींतील एखादा जीव आजारी दिसला म्हणजे पाळणारा आजही गोंधळतो व हातीं येईल तें औषध पाण्यांत ओततो. वास्तविक अशा वेळीं प्राण्याच्या आधीं पाण्याची नाडी पाहिली पाहिजे. हें कसें, तें या लेखांत सांगावयाचें आहे.

प्रवाळाची राहणी :— खडक बांधणारा प्रवाळ म्हणजे असंख्य लहान प्राण्यांची वसाहत होय. प्रत्येक प्राण्यास एक तोंड व त्याभोंवतीं शुंडांचें कडें असतें. तो पाण्यांतील चुना घेऊन स्वतःखालीं दगडासारखा सांगाडा रचितो. त्याच्या अंगांत सूक्ष्म शैवाल राहतें. तें उजेडाच्या साहाय्यानें अन्न तयार करतें व त्यांतील मोठा वांटा यजमानास देतें. म्हणजे प्रवाळास उजेड हवा, चुना हवा, स्वच्छ व हालतें पाणी हवें. आणि या सर्वांहून अधिक हवी ती स्थिरता. समुद्र एवढा अफाट आहे कीं त्याचें पाणी एका दिवसांत फारसें बदलत नाहीं. १०० लिटरच्या पेटींत मात्र एका रात्रींत उलथापालथ होऊं शकते.

पाण्याची परीक्षा :— पाण्याची उष्णता २४ ते २७ अंश सेल्सिअस असावी. १ किलोग्रॅम समुद्रजलांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. तेंच प्रमाण पेटींत राखावें. पाणी आटलें म्हणून खारें पाणीच भरणें, ही सामान्य चूक आहे. सोयीसाठीं लिटरमागें ३५ ग्रॅम मीठ धरूं. १०० लिटरपैकीं ५ लिटर पाणी वाफ होऊन उडालें, तर मीठ मागेंच राहतें आणि तें प्रमाण लिटरमागें ३६.८ ग्रॅम होतें. यास्तव आटलेल्या पाण्याची भरपाई शुद्ध गोड्या पाण्यानें, व तीही रोज थोडीथोडी, करावी.

दुसरी परीक्षा अमोनियाची. माशांची विष्ठा व उरलेलें अन्न कुजून अमोनिया उत्पन्न होतो. तो जलचरांस प्राणघातक आहे. खडकांवर व वाळूंत वाढणारे एका प्रकारचे जंतु त्याचें नायट्राइट करतात व दुसऱ्या प्रकारचे जंतु नायट्राइटचें नायट्रेट करतात. विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें १८९० च्या सुमारास असे जंतु वेगळे करून दाखविले. नव्या पेटींत ते पुरेसे वाढण्यास बहुधा ४ ते ६ आठवडे लागतात. तेवढा धीर न धरतां पहिल्याच आठवड्यांत मासे सोडले, तर ते रोगानें नव्हे, तर स्वतःच्याच मळानें मरतात. जुन्या पेटींतही अमोनिया आढळला, तर एखाद्या खडकामागें कांहीं मेलें आहे, अन्न अति पडत आहे किंवा औषधानें उपकारक जंतु मारले गेले आहेत, असें समजून शोध घ्यावा.

मासे व कोळंबी :— मासे पृष्ठभागाशीं येऊन भराभर कल्ले हालवूं लागले, तर प्रथम पाण्यांतील प्राणवायु कमी झाला आहे काय, हें पाहावें. पंप बंद पडला किंवा पाणी तापलें म्हणजे असें होतें. कारण उष्ण पाण्यांत प्राणवायु कमी मावतो. पाणी हालतें केल्यानें पुष्कळदां तत्काळ उतार पडतो. न पडल्यास अमोनिया तपासावा.

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले, तर तो एका परोपजीवी सूक्ष्म प्राण्याचा उपद्रव असतो. कांहीं दिवसांनीं ठिपके नाहींसे होतात व धन्यास हायसें वाटतें. पण ती फसगत आहे. तो प्राणी मासा सोडून वाळूंत कोश करून बसतो, तेथें त्याची संख्या शेंकडों पटींनीं वाढते आणि नवी पिढी पुन्हां माशांवर तुटून पडते. यावर तांब्याचें औषध चालतें. परंतु तांबें हें कोळंबी, गोगलगाय व प्रवाळ यांस विष आहे. म्हणून मासे निराळ्या भांड्यांत नेऊन तेथेंच औषध द्यावें आणि मोठी पेटी निदान ६ आठवडे, शक्य तर त्याहूनही अधिक, माशांविना ठेवावी. म्हणजे यजमान न मिळाल्यामुळें उपद्रवी प्राणी मरतो. याहून उत्तम म्हणजे नवा मासा आधींच महिनाभर वेगळा ठेवणें.

कोळंबीचें रिकामें कवच तळाशीं पडलेलें पाहून पुष्कळजण ती मेली असें समजतात. बहुधा तिनें केवळ कात टाकिलेली असते व ती खडकाआड नवें कवच कठीण होण्याची वाट पाहत असते. ती खरोखरीच मरते ती पाण्याच्या खारेपणांत एकाएकीं फरक पडल्यानें. म्हणून तिला नव्या पाण्याची संवय थेंबाथेंबानें करून द्यावी.

प्रवाळाचीं लक्षणें :— प्रवाळ पांढरा पडला, परंतु बारकाईनें पाहतां शुंडा दिसत आहेत, तर तो जिवंत आहे. त्याच्या अंगांतील शैवाल मात्र निघून गेलें आहे. कारण बहुधा अति उष्णता किंवा एकदम वाढविलेला उजेड. कारण दूर केल्यास तो कांहीं आठवड्यांनीं पुन्हां रंग धरूं शकतो. रंगीत प्रवाळ तपकिरी झाला, तर उजेड कमी आहे किंवा पाण्यांत खतासारखीं द्रव्यें वाढलीं आहेत. बुडाकडून मांस सुटून पांढरा सांगाडा उघडा पडूं लागला, तर चुन्याचें प्रमाण व पाण्याची अल्कता, म्हणजे आम्लाचा परिणाम मारण्याची शक्ति, तपासावी. लिटरमागें ४०० ते ४५० मिलिग्रॅम कॅल्शियम व ७ ते ११ जर्मन अंश अल्कता असावी. त्यांतही आंकडा कोणता यापेक्षां तो रोज स्थिर आहे काय, हें महत्त्वाचें. एकाच बाजूस भाजल्यासारखें दिसलें, तर शेजाऱ्यावर संशय घ्यावा. कित्येक प्रवाळ रात्रीं लांब शुंडा पसरून जवळच्यास डंख करतात. तेथें औषध नको, अंतर हवें. चामड्यासारखे मऊ प्रवाळ तर अधूनमधून कांहीं दिवस मिटून अंगावरची पातळ साल टाकतात. हा रोग नव्हे. त्यांस स्वस्थ राहूं द्यावें.

उपचाराची रीत :— एका वेळीं एकच बदल करावा, तो वहींत तारखेसह टिपावा व परिणामाची वाट पाहावी. तीन उपाय एकदम केले, तर कशानें गुण आला किंवा कशानें घात झाला, हें कळत नाहीं. लिटरमागें ४० मिलिग्रॅम नायट्रेट असतां चौथा हिस्सा पाणी बदलल्यास ३० उरतें. पुन्हां तितकेंच बदलल्यास २२.५ उरतें. असें टप्प्याटप्प्यानें उतरणेंच श्रेयस्कर. सारें पाणी एकदम बदलणें म्हणजे रोग्यास उकाड्यांतून उचलून बर्फांत ठेवणें होय.

पालकांसाठीं एक सूचना. बटणांसारख्या दिसणाऱ्या कांहीं मऊ जातींत पॅलिटॉक्सिन नांवाचें अत्यंत जहाल विष असतें. अशा जीवांना हातमोजे घातल्यावांचून स्पर्श करूं नये व त्यांचे खडक कधींही उकळूं नयेत. वाफेवाटेंही विषबाधा झालेली आहे. तसेंच पाण्यांत हात घालण्यापूर्वीं विजेचीं उपकरणें बंद करावीं.

विद्यार्थिमित्रहो, हें वाचून कोणी मालवणास जाऊन प्रवाळ उचलून आणील, तर तो मोठा अपराध होईल. खडक बांधणारे सर्व प्रवाळ २००१ सालीं भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत घातले गेले. वाघाप्रमाणेंच त्यांनाही कायद्याचें संरक्षण आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरांतील समुद्रांत प्रवाळ आहेत व मालवणचें सागरी अभयारण्य १९८७ सालीं जाहीर झालें.

मग आपल्याला या विद्येचा उपयोग काय? पेटींत पारा थोडा चढला कीं प्रवाळ पांढरा पडतो, हें ज्यास कळलें, त्यास समुद्राची बातमीही कळेल. उन्हाळ्यांतील नेहमींच्या कमाल उष्णतेहून अवघा १ अंश अधिक, आणि तो सुमारें महिनाभर टिकला, एवढ्यानेंच मोठमोठे प्रवाळखडक पांढरे पडूं लागतात. लक्षद्वीपच्या बेटांनीं १९९८, २०१० व २०१६ सालीं हें भोगिलें आहे. पेटीचा धनी पाणी थंड करूं शकतो, बदलूं शकतो. समुद्राला दुसरें पाणी नाहीं. म्हणून त्याचें पाणी बिघडूं न देणें, हाच तेथील एकमेव उपचार आहे आणि त्याची जबाबदारी आपणां सर्वांची आहे.