‘हात बसेल’ या उत्तराची तपासणी : स्वस्त शाईपेनची पारख

शाईपेन चांगले की वाईट हे त्याच्या रंगावरून, टोपणाच्या चकाकीवरून किंवा क्लिपवर कोरलेल्या नावावरून ठरत नाही; ते निबेचे टोक, निबेखालची जीभ आणि टोपणाची घट्ट बसणूक या तीन गोष्टींवरून ठरते, आणि स्वस्त पेनांत काटकसर होते ती बहुधा याच तीन ठिकाणी, कारण दुकानाच्या काचेआडून त्या दिसत नाहीत. विकणाऱ्याला हे ठाऊक असते. घेणाऱ्याला ते ठाऊक नसल्यामुळे पेन नीट चालले नाही की दोष त्याच्या अक्षरावर, त्याच्या पकडीवर आणि शेवटी त्याच्या हातावर ढकलता येतो. वऱ्हाडातील तिवसा येथील एका वापरकर्त्याच्या बाबतीत हेच घडले आणि प्रस्तुत विवेचन त्या अनुभवातून निघालेले आहे.

निब आणि जीभ यांचे काम एकमेकांवर अवलंबून असते. जीभ म्हणजे निबेला खालून चिकटून असलेला, बारीक खाचा पाडलेला काळा तुकडा. या खाचांतून शाई केशाकर्षणाने, म्हणजे अरुंद जागेत द्रव आपोआप पुढे ओढला जाण्याच्या गुणाने, निबेच्या चिरेपर्यंत पोहोचते आणि जितकी शाई बाहेर पडते तितकी हवा त्याच वाटेने आत जाते. शाई व हवा यांची ही अदलाबदल नियंत्रित करणाऱ्या जिभेचे पेटंट अमेरिकेत लुईस वॉटरमन यांना १८८४ मध्ये मिळाले आणि शाईपेन रोजच्या वापरात विश्वासाने आणता आले ते त्यानंतर. जिभेच्या बाजूला ज्या आडव्या पापुद्र्यांसारख्या खाचा दिसतात त्या शोभेसाठी नसतात. जास्त झालेली शाई कागदावर न पडता तेथे थोपवून धरली जावी यासाठी त्या असतात, आणि ज्या पेनच्या जिभेवर त्या उथळ किंवा अर्धवट साच्यातून निघालेल्या असतात ते पेन आज ना उद्या गळते.

निबेचे टोक हा भाग अधिक नाजूक आहे. पोलादी निबेच्या अगदी शेवटी कठीण मिश्रधातूचा एक सूक्ष्म मणी जोडलेला असतो, त्याला बाजारात सरसकट ‘इरिडियम’ म्हणतात, मात्र आजच्या मण्यांत इरिडियम बहुधा नसतेच आणि निबेवर ‘इरिडियम पॉइंट जर्मनी’ असे छापलेले असणे ही दर्जाची खूण मुळीच नाही, कारण तो शिक्का कोणत्याही देशात तयार झालेल्या निबेवर आढळतो. अतिस्वस्त निबांना मणी नसतोच. पत्र्याचे टोक नुसते दुमडून गोल केलेले असते आणि ते लवकर झिजते. मणी मधोमध चिरला जाऊन निबेची दोन पाती तयार होतात. ही दोन्ही पाती एकाच पातळीत असली पाहिजेत, आणि पुढील सर्व प्रकरण या एका अटीभोवती फिरते.

त्या वापरकर्त्याने जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका दुकानातून पेन घेतले, तेव्हा दुकानदाराने शाई भरून दाखवण्यास नकार दिला, कारण शाई भरली की पेन ‘जुने’ होते. त्याऐवजी निब पाण्यात बुडवून पावतीच्या मागे दोन आडव्या रेघा ओढून दाखवल्या. घरी शाई भरल्यावर पेन वरून खाली येताना ठीक चाले आणि खालून वर जाताना कागद खरवडे, शिवाय प्रत्येक शब्दाचे पहिले वळण कोरे राही. कारखान्यातील तेलाचा अंश नव्या पेनमध्ये राहतो आणि त्यामुळेही शाई अडते, म्हणून भांडी घासण्याच्या साबणाच्या पातळ पाण्याने निब व जीभ धुऊन पाहण्यात आली; फरक पडला नाही. पेन परत नेले असता दुकानदाराने ते हातातही न घेता “लिहता लिहता बसन हात, काई होत नाई” असे सांगितले आणि तरीही खरखर राहिलीच तर निब फरशीवर घासावी असा सल्ला दिला. हा सल्ला केवळ चुकीचा नव्हे तर घातक आहे, कारण फरशीवर घासल्याने मणीच उडतो आणि त्यानंतर ती निब दुरुस्तीच्या पलीकडे जाते. दुकानात इतर गिऱ्हाईक उभे असताना, अक्षर वळणदार असणाऱ्या माणसाला हात बसवण्याचा उपदेश करणे हे तर निव्वळ उद्धटपणाचे होते.

खरा प्रकार उलगडला तो घड्याळे दुरुस्त करणाऱ्याच्या भिंगाखाली. निब टोकाकडून डोळ्यांसमोर धरली असता उजवे पाते डाव्यापेक्षा स्पष्टपणे वर आलेले दिसले, आणि त्याखालची जीभही मधोमध नसून एका बाजूला सरकलेली होती. त्याच शाईने, त्याच लाँगबुकच्या पानावर, त्याच हाताने घरातील एक जुने पेन सफाईने लिहीत होते. म्हणजे हात, शाई आणि कागद हे तिन्ही कायम ठेवून केवळ पेन बदलल्यावर दोष नाहीसा होत होता. दोष कोठे होता हे ठरवायला याहून वेगळा पुरावा लागत नाही, आणि दुकानदाराला तो पुरावा पाहण्याचीही इच्छा नव्हती ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

म्हणून पेन घेताना खिशात छोटे भिंग असावे. निब उजेडाकडे धरली की दोन पात्यांमधली चीर निबेवरील छिद्रापासून टोकाकडे हळूहळू निमुळती होत गेलेली दिसली पाहिजे. टोकाशी ती फाकलेली असेल तर शाई मधेच तुटते, आणि मणी आतल्या कडांनी फार गोल घासलेला असेल तर निब गुळगुळीत लागूनही पहिल्या स्पर्शाला शाई उतरत नाही. हा दुसरा दोष मराठी लिहिणाऱ्याला विशेष जाचतो. रोमन लिपीत अक्षरे एकमेकांना जोडून लिहिताना पेन शब्दभर कागदावरच राहते, परंतु देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि शेवटी शिरोरेषा यांसाठी ते पुन्हा पुन्हा उचलावे लागते, आणि प्रत्येक वेळी टेकताक्षणी शाई उमटावी लागते. त्यामुळे दुकानात सही करून किंवा नागमोडी रेघ ओढून पेन पारखणे निरुपयोगी आहे. ह, ळ, क्ष, ठ, ई ही अक्षरे, ज्यांत निब चारही दिशांना फिरते, ती मात्रांसह आणि शिरोरेषेसह, स्वतःच्या नेहमीच्या वेगाने आणि स्वतःच्या वहीच्या पानावर लिहून पाहावीत. शाई भरू न देणाऱ्या दुकानातून पेन घेऊ नये. स्वतःची दौत सोबत नेता येते.

वऱ्हाडच्या हवेचा विचार पेनच्या पुस्तकांत सापडत नाही, म्हणून तो येथे करणे आवश्यक आहे. ड्रॉपरने थेट नळीत शाई भरायच्या पेनांत शाई अर्ध्याखाली गेली की वरची जागा हवेने भरते. ती हवा तापली की फुगते आणि शाईला जिभेकडे रेटते. कूलरच्या खोलीतून ४४-४५ अंशांच्या उन्हात निघालेल्या माणसाच्या खिशात नेमके हेच होते, आणि शर्टावरचा निळा डाग हा बहुतेक वेळा या कारणाने पडतो. अशा पेनची शाई फार उतरू न देता वेळेवर भरावी आणि उन्हातून आल्यावर टोपण काढताना निब वर धरावी. एबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेले रबर, उष्णता सावकाश वाहून नेते आणि त्याची जीभ शाईने चांगली भिजते, म्हणून मिळाल्यास ते घ्यावे. उलट बाजूने पाहता, कोरड्या उन्हाळ्यात निबेवरील शाईतले पाणी झपाट्याने उडते आणि टोपण सैल असेल तर सकाळी पेन उमटतच नाही. टोपण ओठांशी धरून फुंकावे. हवा आरपार गेली तर आत वेगळे अस्तर आहे का ते पाहावे, कारण मुलांनी टोपण गिळल्यास श्वास कोंडू नये म्हणून बाहेरून छिद्र ठेवण्याची पद्धत आहे, मात्र निब ज्यात बसते ते आतले अस्तर बंदच हवे.

बांधणीबाबत फार सांगण्यासारखे नाही. बोटे जेथे टेकतात तेथे आट्यांची धार नसावी, टोपण मागे लावल्यावर पेन मागे कलू नये, वजन बेताचे असावे.

स्वस्त म्हणजे वाईट असा निष्कर्ष यातून काढणे मात्र अन्यायाचे होईल. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी घडवलेले स्वदेशी पेन ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत गांधीजींकडे पोहोचले आणि परदेशी पेनांना ते चांगला पर्याय वाटते असे गांधीजींनी १९३५ मध्ये त्यांना कळवले. त्या वेळी या संघाचे ठाणे वर्धा नदीपलीकडे, तिवसा तालुक्याच्या शेजारच्याच जिल्ह्यात होते. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये सुरू केलेल्या शाईच्या उद्योगातून पुढे कॅम्लिन उभे राहिले आणि त्यांच्या निळ्या शाईवर महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांच्या परीक्षा झाल्या. ही शाई पातळ, धुऊन निघणारी आणि जीभ न तुंबवणारी असल्यामुळे नव्या पेनची पारख तिनेच करावी, चकाकीच्या किंवा जलरोधक शाईने करू नये. मोझरी, कुऱ्ह्याहून तिवशाच्या बाजारात येणाऱ्या विद्यार्थ्याला साधे पेन पुरते. फक्त त्याची दोन पाती एका पातळीत हवीत.

राहिला परतीचा प्रश्न. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी ओळ पावतीवर छापून दुकानदार मोकळा होतो असा समज सर्वत्र आहे, तथापि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष वस्तू पावतीवर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. त्या वापरकर्त्याकडे पावती होती, पण तिच्यावर नुसते ‘स्टेशनरी’ एवढेच लिहिलेले असल्यामुळे तेच पेन त्याच दुकानाचे आहे हेही दुकानदाराने नाकारले. पेन कितीही स्वस्त असले तरी त्याचे नाव, निबेचा आकार आणि विक्रीची तारीख पावतीवर लिहून घ्यावी, आणि दुकानदार लिहून देत नसेल तर पैसे मोजण्यापूर्वीच पेन काउंटरवर ठेवावे.