नाव कुठल्या रजिस्टरमध्ये लागणार?

परदेशात नर्सिंग शिकायला निघालेल्या पोरीला आमच्याकडे सगळे दोनच प्रश्न विचारतात. देश कुठला? खर्च किती? तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि पुढची सगळी वर्षं त्याच्यावरच ठरतात: हा कोर्स पुरा केल्यावर माझं नाव त्या देशातल्या नर्सच्या रजिस्टरमध्ये लागेल का?

मी अहेरी तालुक्यातली. बारावीनंतर नागपूरला जीएनएम केलं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी झाली आणि काही वर्षं आपल्याच जिल्ह्यात ड्यूटी केली. पावसाळ्यातला मलेरिया, सिकलसेलची कळ घेऊन आलेली पोरं, साप चावलेला माणूस, नाला ओलांडून खाटेवर आणलेली बाळंतीण, हे सगळं हाताखालून गेलं. एकाच पाळीत मराठी, गोंडी, तेलुगू बोलायची सवय झाली. काम येत होतं. पगार कंत्राटी होता, म्हणून इंग्लंडचा विचार डोक्यात आला.

नागपूरच्या एका कन्सल्टन्सीत सल्ला मिळाला. "ताई, तुमचा डिप्लोमा आहे. तिकडे डिग्रीला किंमत. एका वर्षाचा टॉप-अप बीएस्सी नर्सिंग करा, पुढचं सगळं तिथं सोपं आहे." वर हेही सांगितलं की आम्ही तुमच्याकडून फी घेत नाही. त्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. टॉप-अप पदवी असते, ती खरी असते, आणि पदवीला किंमतही असते. न सांगितलेली गोष्ट एवढीच होती की त्या पदवीने तिथल्या रजिस्टरमध्ये नाव लागत नाही. कन्सल्टन्सी माझ्याकडून पैसे घेत नव्हती, कारण मी भरलेल्या फीतून विद्यापीठ तिला कमिशन देणार होतं. ज्या रस्त्यावर कमिशन नाही, तो रस्ता तिने दाखवावा तरी का?

मी टॉप-अपला इंग्लंडला गेले. तो दुसरा रस्ता मला तिथल्या वर्गातल्या केरळच्या मुलीने सांगितला. "तू जीएनएम आहेस, तुझी नोंदणी आहे, मग नोंदणीसाठीची सीबीटी परीक्षा भारतातूनच का नाही दिलीस?" तिला सगळं ठाऊक होतं. तिचा नवरा तिथं नोकरीला होता आणि तिला पदवीच हवी होती. मला हवी होती नोंदणी.

ब्रिटनमध्ये हे रजिस्टर नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलकडे, म्हणजे एनएमसीकडे असतं. नाव लागलं की एक नंबर मिळतो, त्याला तिथं सगळे 'पिन' म्हणतात. पिन नाही तर रजिस्टर्ड नर्सची नोकरी नाही. आपल्या जीएनएमवर पिनसाठी अर्ज करता येतो, त्याला तिथली पदवी लागत नाही. टप्पे असे: आधी कागदपत्रांची तपासणी, मग सीबीटी ही संगणकावरची परीक्षा, जी भारतातल्या केंद्रावर देता येते, आणि शेवटी ब्रिटनमध्ये ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा. माझ्या वेळच्या दराने तपासणीचे १४० पौंड, सीबीटीचे ८३, ऑस्कीचे ७९४ आणि नोंदणीचे १५३. बेरीज होते ११७० पौंड, म्हणजे साधारण सव्वा ते दीड लाख रुपये. इंग्रजीच्या परीक्षेचा खर्च वेगळा. नर्स म्हणून निवड झाली तर ऑस्कीचा आणि विमानाचा खर्च बरेचदा रुग्णालयच करतं. माझ्या टॉप-अपची नुसती फीच याच्या कितीतरी पट होती.

त्या वर्षात स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येत होतं. मी केअर होममध्ये केअर असिस्टंट होते. आजी-आजोबांना आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं. काम हलकं नाही आणि कमीपणाचंही नाही. पण समोर कुणाचा श्वास चढला तर काय करायचं हे माहीत असूनही नर्सला बोलवून बाजूला उभं राहावं लागतं. पुढे मी तिथूनच सीबीटी, ऑस्की दिली आणि पिन मिळाला. शेवट चांगला झाला, म्हणून रस्ता बरोबर होता असं कोणी समजू नये.

आता, तुम्ही आज कुठे उभ्या आहात त्याप्रमाणे बोलते.

बारावीला असाल तर आधी इथलं शिक्षण पुरं करण्याचा विचार करा. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेऊन बारावी झाली असेल तर चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग सगळ्यात जास्त दारं उघडतं. महाराष्ट्रात त्यासाठी सीईटी आहे आणि पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते. बल्लारशाहून गाडीत बसवून दक्षिणेकडच्या कॉलेजात नेणारे दलालही भेटतात. सीट पक्की करण्याआधी त्या राज्याच्या नर्सिंग कौन्सिलच्या आणि इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या यादीत कॉलेजचं नाव स्वतः बघा. त्या कॉलेजला स्वतःचं रुग्णालय आहे का, हेही विचारा. रुग्णच नसतील तर हात कशावर बसणार?

एएनएम झालेल्या मैत्रिणींनी स्पष्ट ऐकावं. दोन वर्षांच्या एएनएमवर ब्रिटनचा पिन मिळत नाही, जर्मनीची नोंदणीही होत नाही. कोणी "एएनएमवर परदेशात नर्स" म्हणत असेल तर तो केअर असिस्टंटच्या कामाबद्दल बोलतोय. ब्रिटनने तर जुलै २०२५ पासून परदेशातून नवे केअर वर्कर घेणं बंदच केलंय. आधी जीएनएम करा.

जीएनएम झालेल्यांना ब्रिटन आणि जर्मनी ही दारं उघडी आहेत. ऑस्ट्रेलियाला पदवीच्या पातळीचं शिक्षण लागतं, तिथं पोस्ट बेसिक बीएस्सीचा उपयोग होतो. ब्रिटनमधली भरती मात्र आता रोडावली आहे, हे धरूनच ठरवा.

तिकडेच जाऊन मुळापासून शिकायचं असेल तर नावावर जाऊ नका. ऑस्ट्रेलियातला 'डिप्लोमा ऑफ नर्सिंग' केला की एनरोल्ड नर्स होता येतं. ती रजिस्टर्ड नर्सच्या हाताखालची पायरी, रजिस्टर्डसाठी तीन वर्षांची बॅचलर पदवी लागते. कॅनडातला 'पर्सनल सपोर्ट वर्कर'चा कोर्स नर्सचा नाहीच. ब्रिटनमध्ये एमएस्सी नर्सिंग नावाचे दोन प्रकार असतात, एकातून नोंदणी होते, दुसऱ्यातून नाही. ब्रिटनमध्ये एनएमसी आणि ऑस्ट्रेलियात आप्रा मान्य कोर्सची यादी आपापल्या संकेतस्थळावर ठेवतात. त्या यादीत कोर्स नसेल तर माहितीपत्रक कितीही गुळगुळीत असो, खाली ठेवा.

जर्मनीची तऱ्हा वेगळी आहे. तिथं बारावीनंतर तीन वर्षांचं आउसबिल्डुंग असतं: अर्धं शिक्षण शाळेत, अर्धं रुग्णालयात, आणि त्या काळात दरमहा विद्यावेतन. २०२० पासून मुलं, प्रौढ आणि वृद्ध या तिन्हींच्या शुश्रूषेचं शिक्षण तिथं एकत्र झालंय. खरा खर्च भाषेचा आहे. प्रवेशाला साधारण बी-१ ते बी-२ पातळीची जर्मन लागते आणि ती काही आठवड्यांत येत नाही. जीएनएम किंवा बीएस्सी झालेलीला आउसबिल्डुंग पुन्हा करायची गरज नसते. आपल्या शिक्षणाची मान्यता घेता येते, कमी पडलेल्या भागासाठी पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा असते. महाराष्ट्राने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सही आहेत. 'ट्रिपल विन' या सरकारी योजनेतून केरळच्या नर्स जातात, त्यांच्याकडून भरतीचे पैसे घेत नाहीत. हे माहीत असलं की "जर्मनीसाठी आठ लाख" म्हणणाऱ्याला काय विचारायचं ते कळतं.

पैशाचं. नोकरीसाठी परदेशी पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परवाना लागतो, आणि त्याने उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्कावर ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. परवाना ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर तपासता येतो. विद्यार्थी म्हणून जाणारीला मात्र या कायद्याचं छत्र नाही. ॲडमिशन करून देणारी कन्सल्टन्सी त्यात बसत नाही. म्हणून तिथं आपली आपणच जास्त चौकशी करायची.

आपल्या भागाची आणखी एक अडचण आहे. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या पुढे गेलं की बँक सहसा तारण मागते. वनहक्काचा पट्टा वारसाने मिळतो, पण त्याचं हस्तांतरण होत नाही, त्यामुळे तो तारणाला चालत नाही. मग माणूस सोनं मोडतो किंवा सावकाराकडे जातो. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसासाठी खात्यात २८ दिवस पैसे दाखवावे लागतात, तेवढ्यापुरते पैसे व्याजाने देणारेही असतात. फी, व्हिसा, आरोग्य अधिभार, पहिल्या महिन्यांचं भाडं, सगळं एका कागदावर मांडून बाबांना दाखवा, मगच सही करा.

कागदांची तयारी मात्र आजच सुरू करता येते. दहावीच्या सनदेवर, कौन्सिलच्या नोंदणीवर आणि पासपोर्टवर आडनावाचं स्पेलिंग एकच आहे का ते पाहा. आपल्याकडे तेलुगू, मराठी आणि इंग्रजीत एकच आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलं जातं, आणि माझा अर्ज सगळ्यात जास्त तिथंच अडला. कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण चालू ठेवा, कारण परदेशातली संस्था तुमची पडताळणी थेट तिथूनच करून घेते. कॉलेजमधून तासांच्या तपशिलासह ट्रान्सक्रिप्ट आताच काढून ठेवा. प्राचार्य बदलल्यावर ते मिळायला वेळ लागतो. इंग्रजीच्या परीक्षेत मला वाचनापेक्षा लेखन जड गेलं. ब्रिटनसाठी आयईएल्टीएसच्या लेखनात साडेसहा आणि बाकी तिन्हींत सात लागतात. नर्ससाठीची ओईटी ही परीक्षाही चालते, तिच्यात रेफरलचं पत्र लिहायचं असतं, जे आपण रोज पाहतो.

ऑस्कीत दहा स्टेशन असतात. आपल्या मुलींचा हात चांगला असतो, पण आपण गप्प राहून काम करतो. तिथं हात धुण्यापासून इंजेक्शन देण्यापर्यंत प्रत्येक गोष्ट रुग्णाला सांगून, त्याची परवानगी घेऊन करायची आणि लगेच लिहायची. ही सवय उद्याच्या ड्यूटीपासून लावा. परदेशी गेलात नाही तरी अहेरीच्या रुग्णाला तिचा उपयोग होईल.

आणि एजंट तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तोंडी देत असेल तर ते लेखी मागा, नाहीतर थेट त्या देशाच्या कौन्सिलला ईमेल करा: "माझं शिक्षण हे आहे, हा कोर्स केल्यावर मला रजिस्टर्ड नर्स म्हणून नोंदणीसाठी अर्ज करता येईल का?" ईमेलला पैसे पडत नाहीत. उत्तर येईपर्यंत ॲडमिशनचा एक रुपयाही भरू नका. सीट निघून जाईल अशी घाई कोणी केली तर जाऊ द्या, पुढच्या सत्रात दुसरी मिळते.