चुलीला वैल असतो

रोहणा, ता. आर्वी, जि. वर्धा

चि. अनिकेत,

तू पाठवलेला फोटो पाहून तुझी मामी म्हणाली, "पोरानं एवढा रांजण कशाला घेतला?" मी म्हटलं, रांजण नाही, चूल आहे. खोटं नाही बोललो. कमाडो हा जपानी शब्द, अर्थ चूलच. एवढे डॉलर मोजून तू चूल घेतलीस, पण तिला वैल नाही. म्हणून तर तुझी कोंबडी वरून कोळसा आणि आतून कच्ची.

आजीची चूल आठव. पुढच्या तोंडावर जाळ थेट लागायचा, तिथं भाकरी. वैलावर दूध नाहीतर वरण. वैलाला कुणी वेगळं लाकूड घातलेलं पाहिलंस का? आतल्या भोकातून फिरून आलेली आच त्याला पुरायची. तुझ्या चुलीला हवा तो डिफ्लेक्टर म्हणजे तेच. निखाऱ्यांच्या आणि जाळीच्या मध्ये एक चकती. आच तिच्यावर आपटते, कडेनं वर चढते आणि झाकणाच्या घुमटाखाली फिरते. आच अडवायची नसते, वळवायची असते. हे विसरलास तर भांड्याच्या मापाची गच्च चकती बसवशील आणि खालचा विस्तव गुदमरेल.

रोडग्यांना तर चकतीही लागत नाही. मागं शेतात पंगत होती. गोवऱ्यांचा जाळ पुरता बसला नव्हता, पण मंडळी घाई करू लागली म्हणून मीच रोडगे टाकले. दहा मिनिटांत वरून काळेठिक्कर. एक फोडून पाहिला तर आत कणीक जशीच्या तशी, बोटाला चिकटली. मग एका म्हाताऱ्यानं मला बाजूला सारलं, निखारे पसरू दिले, दुसऱ्या खेपेचे रोडगे ठेवून वर गरम राख ओढली आणि तंबाखू मळत बसला. राखेतून आच हळूहळू आत गेली. वांग्याची भाजी दोनदा गरम करावी लागली, पण रोडगे असे झाले की तूप ओतताच पिऊन टाकत होते.

आता वस्तूचं. सगळ्यात बरी कॉर्डिएराइटची चकती. कुंभारकाम करणारे भट्टीत ज्या फळ्यांवर भांडी रचतात, त्या बहुतेक याच्याच असतात. पिझ्झाचे कितीतरी दगडही. तापल्यावर हे फारच थोडं फुगतं, म्हणून सहसा तडकत नाही. ते नाही मिळालं तर कुंडीखालचा मातीचा परळ घे. बिनचकाकीचा, बिनरंगाचा. त्याला कधीतरी तडा जाणार हे धरून चाल, दोन आण. विस्तव धगधगता असताना गार परळ ठेवू नकोस. सुरुवातीलाच ठेव, म्हणजे आगीबरोबर तोही तापेल. धुतला असशील तर दोन दिवस वाळू दे.

शहाबादी फरशी चालेल का, असं विचारलंस. नाही. तो थराथराचा दगड. थरात पाणी असतं, तापलं की त्याची वाफ होते आणि कपचे उडतात. नदीतला गोटाही त्याच कारणानं नको.

पोलादाची प्लेट चालते. 40 सेंटिमीटर व्यासाची, 6 मिलिमीटर जाडीची चकती साधारण 6 किलो भरते. मी इथं दुकानात अर्ध्या तासात कापून, कडा घासून दिली असती, पण तिच्या टपालखर्चात तिकडे दोन येतील. लोखंड लवकर तापतं आणि वरच्या अंगानंही आच फेकतं, म्हणून चकती आणि जाळी यांत अंतर जास्त ठेव.

जीआय पत्र्याला मात्र हात लावू नकोस. ऐन पावसाळ्यात दुकानाचं दार लोटून मी जस्त चढवलेला पत्रा वेल्ड करत बसलो होतो. संध्याकाळी तोंडात गोडसर चव. रात्री अशी हुडहुडी भरली की मामीनं होत्या नव्हत्या तेवढ्या वाकळी अंगावर टाकल्या. दुसऱ्या दिवशी उतरलं, पण जस्ताचा धूर काय असतो ते कळलं. तो तुझ्या जेवणात नको.

माप घेताना चुकशील ते इथं: तुझं भांडं खाली निमुळतं होत जातं. वरच्या तोंडाचं माप घेऊन उपयोग नाही. चकती ज्या उंचीवर बसणार तिथं काडी आडवी धरून मोज आणि चहूबाजूंनी अडीच-तीन सेंटिमीटर मोकळं सोड.

चरबी पडायला चकतीवर ताट ठेवशील, पण टेकवून नको. खाली तीन साधे लोखंडी नट ठेव, मुलामा नसलेले. ताटाखालून हवा खेळली नाही तर चरबी तिथंच करपते आणि सगळ्याला कडू धूर लागतो.

काडीनं घेतलेलं माप मिलिमीटरमध्ये कळव. इंचात पाठवू नकोस, मागच्या वेळी तुझ्या गेटचा घोळ त्यानंच झाला होता.

तुझा,
मामा